दाट लावलेलं रान विरळ कधी करायचं?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. एक एडिनबरोजवळून, एक वेल्समधून आणि एक मंडणगडहून. दोघांनी 'विरळणी' हा शब्द वापरलेला नाही, पण विचारलंय तिघांनीही त्याचबद्दल. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवते आणि यावेळी एवढंच बोलते.

नव्या वाचकांसाठी: मी आलापल्लीची. वडील तिथं वनरक्षक होते. गेली १९ वर्षं मी स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या रोपवनांत काम करते. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं, हे ठरवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

प्रश्न: ताई, मी पुण्याची, वय ६८. दर उन्हाळ्यात मुलाकडे येते. त्याचं घर एडिनबरोच्या दक्षिणेला आहे आणि मागच्या टेकडीवर जंगल आहे. रोज सकाळी तिथं चालायला जाते. मे महिन्यात झाडांवर नारिंगी ठिपके दिसले. पंधरा दिवसांनी मशीन आलं आणि तिसरा हिस्सा तरी झाडं गेली. हिरवीगार, उभी झाडं! त्यात सरळसोट, चांगलीसुद्धा होती. मध्येच एक अख्खी रांगच्या रांग कापली आणि उरलेल्या खुंटांवर कसला तरी रंग मारला. रात्री झोप लागली नाही. मुलगा म्हणतो, "आई, हे चांगल्यासाठीच असतं." कसलं चांगलं ते त्याला सांगता येत नाही. तुम्ही सांगाल?

उत्तर: काकू, तुमचं पत्र वाचताना माझी आई आठवली. आलापल्लीला आमच्या क्वार्टरमागे सागाचं रोपवन होतं. तिथं झाडांवर हॅमर पडला, म्हणजे बुंध्याची साल तासून खात्याचा शिक्का ठोकला, की आई दोन दिवस वडिलांशी धड बोलायची नाही. तेव्हा तुमची झोप उडाली याचं मला जराही नवल वाटत नाही.

तुम्ही ज्याला जंगल म्हणता, ती खरं तर लागवड आहे. तुम्ही पत्रात केलेल्या वर्णनावरून, म्हणजे हाताला टोचणाऱ्या निळसर सुया आणि खवल्यांसारखी सुटणारी साल, हा सिटका स्प्रूस. अलास्कातल्या सिटका गावावरून हे नाव पडलं. हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, पावसात वाढणारं झाड. डेव्हिड डग्लस या स्कॉटिश माणसानं १८३१ मध्ये ते ब्रिटनमध्ये आणलं. डोंगरच्या डोंगर त्यानं भरले ते मात्र फार पुढे. पहिल्या महायुद्धात खंदकांना आणि कोळशाच्या खाणींना टेकू द्यायला लाकूड पुरेना. तेव्हा या देशाची जेमतेम ५ टक्के जमीन झाडांखाली उरली होती. १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन, म्हणजे इथलं सरकारी वनखातं, स्थापन झालं आणि जिथं मेंढ्या आणि गवत याशिवाय काही नव्हतं अशा ओल्या टेकड्यांवर रोपं लागायला लागली. आमच्या जवळचं कील्डरचं रान १९२६ पासून असंच उभं राहिलं. आज ते ६०० चौरस किलोमीटरच्या घरात आहे आणि त्यातली बहुतेक झाडं माणसानं हातानं लावलेली आहेत.

आता विरळणी. शब्द आपल्या शेतातलाच आहे. ज्वारी उगवून आली की दाटीतली रोपं उपटतो. नाशिककडे द्राक्षाच्या घडातले मणी कात्रीनं काढतात, कारण सगळे ठेवले तर एकही धड फुगत नाही. इथं स्प्रूस साधारण २ मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी २५०० लावतात. लावणाऱ्यालाही माहीत असतं की त्यातला फार तर चौथा हिस्सा मोठा होणार. मग इतकी लावायची कशाला? तर लहानपणी दाटी हवीच असते. शेजाऱ्याची सावली पडली की खालच्या फांद्या लवकर वाळतात, खोड सरळ चढतं, लाकडात गाठी बारीक राहतात. पंधरा-वीस वर्षं ही दाटी त्यांना घडवते. पुढे शेंडे एकमेकांना भिडतात आणि तीच दाटी गळा धरते.

माझ्या टेबलावर एका स्प्रूसच्या खोडाची चकती आहे. मधोमध बोटभर जागेत तीन-चारच वलयं, इतकी रुंद. अकराव्या-बाराव्या वलयापासून ती जवळ यायला लागतात. एकोणिसाव्यापासून तेविसाव्यापर्यंतची नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाहीत, टाचणीचं टोक टेकवत जावं लागतं. चोविसाव्या वर्षी शेजारचं झाड काढलं. तरी पुढची दोन वलयं तशीच बारीक आहेत, कारण झाडाला आधी फांद्या पसरायच्या असतात, मुळं पसरायची असतात. सत्ताविसाव्यापासून वलय पुन्हा उघडतं. कुणी भेटायला आलं की मी ही चकती हातात देते. विरळणी म्हणजे काय ते त्या दोन बारीक वलयांत आणि नंतरच्या रुंद वलयात दिसतं.

हेही सांगायला हवं की विरळणीनं रानातलं एकूण लाकूड वाढत नाही. जमीन तीच, पाऊस तोच. पाचशे झाडांत वाटलं गेलेलं लाकूड दोनशे झाडांत जातं, एवढंच. पण दोनशे जाड झाडांच्या फळ्या निघतात, तुळया निघतात, आणि पाचशे बारक्यांचा लगदा आणि भुसा होतो. आपण हात लावला नाही तर निसर्ग स्वतः विरळणी करतोच. दबलेली झाडं उभ्या-उभ्या वाळतात. तुमच्या टेकडीवर आत शिरून पाहिलं असेल तर असे करडे सांगाडे दिसले असतील.

सरळसोट झाडं का गेली, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. वडील म्हणायचे, "पोरी, तोडाचं झाड मंग पाय, ठेवाचं झाड पयले पाय." मी आजही तसंच करते. हात तोंडासमोर आडवा धरून, कारण वाळक्या फांद्या डोळ्यांत जातात, रांगेत शिरायचं. दर काही पावलांवर एक राखायचं झाड निवडायचं: खोड सरळ, शेंडा एकच, हिरव्या फांद्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, बुंध्याला हरणानं साल सोललेली नाही. ते ठरलं की मान वर करून बघायचं, याच्या शेंड्याला कोण खेटतंय? तिथं ठिपका. आता जे खेटतंय ते बहुतेक वेळा चांगलंच झाड असतं, कारण वाईट झाडाची तिथवर पोचायची ताकदच नसते. दोन चांगल्यांतलं एक जातं ते असं. दुसरीकडे, फांद्या चौफेर पसरून चार शेजाऱ्यांना दाबणारं दांडगट झाड असतं. दिसायला ते सगळ्यात मोठं, पण लाकूड गाठाळ. तेही जातं. अगदी खाली दबलेलं काटकुळं झाड मात्र कधीकधी तसंच सोडतो. ते कुणाचं काही घेत नाही.

रांगच्या रांग कापली ती मशीनसाठी वाट. कापणारं हार्वेस्टर आणि ओंडके वाहणारं फॉरवर्डर, दोन्ही कित्येक टन वजनाची. ती झाडांमधून वेडीवाकडी फिरली तर मुळं चिरडतील आणि बुंधे सोलले जातील. म्हणून ठराविक अंतरावर वाट काढतात आणि मधल्या पट्ट्यांतली झाडं मशीनचा लांब हात वाटेवरूनच उचलतो. वाटेवर फांद्यांचा थर पाहिला असेल. तो कचरा नाही. ओल्या काळ्या मातीत चाकं रुतू नयेत म्हणून मुद्दाम अंथरलेली ती गादी आहे.

आणि खुंटांवरचा रंग. सागाचा खुंट पावसाळ्यात फुटतो, तुम्ही पाहिला असेल. स्प्रूसचा खुंट फुटत नाही, तो मरतोच. त्या ताज्या, ओल्या कापावर हवेतून एका बुरशीचे बीजाणू येऊन बसतात. ती खुंटात शिरते, तिथून मुळांत, आणि जमिनीखाली जिथं एका झाडाचं मूळ दुसऱ्याच्या मुळाला टेकलेलं असतं तिथून शेजारच्या उभ्या झाडात. झाड बाहेरून हिरवं आणि आतून बुंधा कुजलेला. म्हणून कापल्याबरोबर खुंटावर युरियाचं द्रावण फवारतात. आपल्या शेतकऱ्याच्या गोदामातला असतो तोच युरिया. कुठला खुंट राहिला ते दिसावं म्हणून त्यात रंग मिसळतात. काही ठिकाणी युरियाऐवजी दुसरीच, निरुपद्रवी बुरशी लावतात. ती आधी जागा अडवते. केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हा उपाय शोधला. मला तो फार सुंदर वाटतो.

पुढच्या उन्हाळ्यात याल तेव्हा कापलेल्या वाटेच्या कडेनं खाली बघत चाला. आत्ता तिथं तपकिरी सुयांचा थर आहे, दुसरं काही नाही. ऊन पोचलं की आधी शेवाळ येतं, मग नेचे, मग तीन पानांची आंबुटी आणि तिची छोटी पांढरी फुलं. त्याला दोन-तीन वर्षं लागतील. तुम्ही दर वर्षी येता, तर तुम्हाला ते क्रमानं बघायला मिळेल.

एक विनंती. रस्त्याच्या कडेला ओंडक्यांच्या थप्प्या असतील. नातवाला त्यांवर अजिबात चढू देऊ नका. एक ओंडका सरकला की सगळी थप्पी खाली येते. आणि काम चालू असल्याचा फलक दिसला की मशीन लांब वाटलं तरी मागे फिरा.

प्रश्न: आम्ही दोघं मूळचे ठाण्याचे, मी इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी मध्य वेल्समध्ये १२ एकर स्प्रूसचं रान घेतलं. कागदोपत्री लागवड १९९४ ची, विरळणी एकदाही झालेली नाही. आत दिवसाही अंधार असतो. एका ठेकेदारानं सांगितलं की आता विरळणी करून टाका, खर्च निघून वर थोडे पैसेही सुटतील आणि रान मोकळं, सुंदर दिसेल. आम्हालाही उजेड हवाच आहे. झाडं अंदाजे १८ मीटर उंच आहेत. करावी का?

उत्तर: नाही. निदान मी सांगते ते मोजून झाल्याशिवाय तरी नाही.

इतकं ठाम का सांगते, त्यामागे माझी एक चूक आहे. २०२१ च्या मार्चमध्ये मी इथं जवळच ४ हेक्टरच्या एका रोपवनाची विरळणी करवली. झाडं २७ वर्षांची, एकदाही न विरळलेली, हुबेहूब तुमच्यासारखी. मालक वयस्कर. त्यांना मरायच्या आधी त्या रानातून उजेडात चालायचं होतं. मी झाडं मोजली होती. आकडे वाईट होते, ते मला दिसत होते. तरी मी मनाशी म्हटलं, हलक्या हातानं करू. वाटा धरून तिसरा हिस्सा झाडं काढली. एप्रिलमध्ये आत ऊन पडलं आणि म्हातारबाबांनी माझा हात हातात घेतला.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला, शुक्रवारी रात्री, आर्वेन वादळ आलं. इथला नेहमीचा वारा नैऋत्येकडून येतो आणि झाडांची मुळं त्याच वाऱ्याशी झुंजत घडलेली असतात. आर्वेन आलं ईशान्येकडून. रस्ते बंद होते, मी चौथ्या दिवशी पोचले. ४ हेक्टरांपैकी अडीच हेक्टर आडवं होतं. झाडं मोडली नव्हती, मुळांसकट उलटली होती. उलटलेल्या मुळांची ताटं रांगेनं उभी, माझ्यापेक्षा उंच. त्यांच्यात माती किती होती? हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत, तेवढीच. त्याखाली करडी, पाण्यानं तुंबलेली चिकणमाती, आणि तिच्यात एकही मूळ गेलं नव्हतं. कुंपणापलीकडच्या न विरळलेल्या रोपवनाची कड पडली, पण मधला भाग उभा राहिला. वारा वेगळ्या दिशेचा होता हे खरं, पण ती झाडं एकमेकांच्या आधारानं उभी होती आणि तो आधार मी काढून घेतला होता, हेही तितकंच खरं. म्हातारबाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत.

आता तुमचं रान. टेप घ्या, पन्नास झाडं निवडा. फक्त मोठी नकोत, सगळ्या प्रकारची घ्या. जमिनीपासून १.३ मीटरवर गोलाई मोजा आणि ३.१४ नं भागा, म्हणजे व्यास मिळेल. मग उंचीला व्यासानं भागायचं, दोन्ही एकाच मापात. १८ मीटर उंच आणि १६ सेंटिमीटर व्यास असेल तर १८०० भागिले १६, म्हणजे ११२. त्याच उंचीचं झाड २४ सेंटिमीटरचं असेल तर ७५. ८० च्या आत असलेलं झाड स्वतःच्या पायावर उभं असतं. १०० च्या वर गेलेलं झाड शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभं असतं. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, तुमची बहुतेक झाडं दुसऱ्या गटातली निघतील. तुम्ही इंजिनियर आहात. सडपातळ खांबाचा बाजूचा आधार काढला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं, जमीन. आत एखादं आपोआप पडलेलं झाड नक्की सापडेल. त्याचं मुळांचं ताट किती जाड आहे ते हातानं मोजा. अर्ध्या मीटरहून कमी असेल तर विषय संपला. जमीन नांगरून लावलेली असेल तर पायाखाली सरी-वरंबे लागतील. आपल्या उसासारखंच: झाड वरंब्यावर, पाणी सरीत. अशा ठिकाणी मुळं वरंब्याच्या लांबीनं धावतात, तुंबलेली सरी ओलांडून पलीकडे जात नाहीत. म्हणजे झाडाला दोन बाजूंनी पाय आहेत आणि दोन बाजूंनी नाहीत. जानेवारीत जाऊन सऱ्यांत पाणी उभं आहे का ते बघा.

विरळणीची वेळ तुमच्या रानात केव्हाच येऊन गेली. वरची झाडं १०-१२ मीटरची असताना, म्हणजे साधारण विसाव्या वर्षाच्या आसपास, पहिला हात फिरायला हवा होता. नंतर दर ५ वर्षांनी थोडं-थोडं. इथं हिशेब असा धरतात: जमीन वर्षाला हेक्टरी १४ घनमीटर लाकूड देत असेल तर त्याच्या ७० टक्के, म्हणजे वर्षाला १० च्या आसपास काढायला हरकत नाही. पाच वर्षांचं मिळून ५०. तेवढी जागा उरलेली झाडं भरून काढतात आणि दरवेळी जरा जाड होऊन, जरा घट्ट पाय रोवून उभी राहतात. त्या दहा-बारा वर्षांची कसर आता एका हंगामात भरून निघत नाही. ठेकेदार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. खर्च बहुधा निघेलही. पण वादळानंतर पडलेलं, एकमेकांत अडकलेलं लाकूड काढायला तो येईल तेव्हाचा दर त्यानं सांगितलेला नाही.

मग करायचं काय? उभं राहू द्या. आणखी सात-आठ वर्षांनी तुकड्या-तुकड्यानं सरसकट तोड करा. निम्मं आधी, दुसरं निम्मं नवी रोपं उभी राहिल्यावर. तोडीची सीमा ओढ्यावर किंवा जुन्या वाटेवर येईल अशी आखा, रानाच्या मध्यावर नको. अशा कडांच्या झाडांना लहानपणापासून वारा लागलेला असतो, फांद्या जमिनीपर्यंत असतात, मुळं दणकट असतात. या कडेच्या झाडांना कधीच हात लावू नका, उजेड कितीही हवासा वाटला तरी. तोडीला नॅचरल रिसोर्सेस वेल्स या तिथल्या सरकारी संस्थेचा परवाना लागतो, विरळणीलाही लागतो. तो आधी, मशीन नंतर.

तुम्हाला उजेड हवा आहे, तो मला कळतो. ओढ्याकाठी, आडोशाच्या खालच्या कोपऱ्यात जमीन तपकिरी, भुसभुशीत आणि मुळं खोल असतील तर तिथली अर्धा एकर हलकेच विरळा. राखायच्या झाडांभोवतीचं एक-एकच काढा. तिथं बाक टाका. बाकीचं रान अंधारातच राहू द्या. त्या अंधारालाही रहिवासी आहेत. थंडीत उबेला येणारे इवलेसे गोल्डक्रेस्ट पक्षी अशाच दाट स्प्रूसमध्ये राहतात. बाकावर बसून कान दिला तर त्यांची बारीक किणकिण ऐकू येईल.

प्रश्न: नमस्कार ताई. मंडणगड तालुक्यात माझं एक एकर सागवान आहे. २०१२ ला लावलं, साडेसहा फुटांवर, हजाराच्या आसपास झाडं. पहिली पाच वर्षं जोरात वाढली. आता उंच झालीत, पण काठीसारखी. गोलाई ३०-४० सेंटिमीटरवर अडकली आहे. 'निसर्ग' वादळात कडेची वीस-बावीस पडली. गावात लोक म्हणतात, लावलेलं झाड तोडू नये, जितकी झाडं तितके पैसे. मन धजत नाही. काय करू?

उत्तर: दादा, तोडा. तुम्हाला मी वेल्सच्या पत्राच्या उलट सांगते आहे. कारणही सांगते.

साग उजेडाचा भुकेला. स्प्रूस थोडी सावली सहन करतो, साग नाही. शेजाऱ्याचा शेंडा टेकला की त्याची वाढ थांबलीच म्हणा. पाच वर्षं जोरात आणि मग ठप्प, हे तुम्ही लिहिलंत तेच त्याचं लक्षण आहे. सागाची पहिली विरळणी चौथ्या ते सहाव्या वर्षी व्हायला हवी. तुम्हाला आठ वर्षं उशीर झालाय. पण तुमच्या जमिनीत पाणी तुंबत नसेल, डोंगरउताराची तांबडी माती असेल, तर मूळ खोल गेलेलं आहे. साग अजून सावरेल. 'निसर्ग' ३ जून २०२० ला किनाऱ्यावर आलं, पाऊस नुकता सुरू होत होता. तेव्हा पडलेली कडेची होती आणि मधली उभी राहिली, हे लक्षात ठेवा. म्हणून एका दमात अर्धी काढू नका.

यंदा हजारातली साडेतीनशेच्या आसपास काढा. चार-पाच वर्षांनी आणखी अडीचशे. आत्ताच फार मोकळं केलंत तर दोन गोष्टी होतील: वारा आत शिरेल, आणि उरलेल्या खोडांवर खालपासून धुमारे फुटतील. प्रत्येक धुमारा म्हणजे फळीतली एक गाठ. पश्चिमेच्या, समुद्राकडच्या कडेच्या दोन रांगा तशाच ठेवा.

आधी जातील ती वाकडी, दुबेळक्याची, शेंडा मोडलेली, बुंध्याला पोकळ. मग राखायच्या झाडाला खेटणारी. एकसारखी जागा सुटली पाहिजे असा हट्ट धरू नका. दोन उत्तम झाडं जवळजवळ असतील आणि त्यांच्या बाहेरच्या बाजू मोकळ्या असतील, तर दोन्ही ठेवा.

पान गळल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडा. शेंडे स्पष्ट दिसतात आणि पडणारं झाड शेजाऱ्याला कमी इजा करतं. खुंट जमिनीलगत, थोडा उतरता कापा म्हणजे वर पाणी साचणार नाही. पावसात फुटवे येतीलच. मोठी फट पडली असेल तिथं एक जोमदार फुटवा राखा, बाकीचे श्रावणाच्या आत मोडून टाका.

त्याआधी कागद. साग अनुसूचित झाडांत येतो. १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यायलाच हवी, झाड स्वतःच्या मालकीचं आणि स्वतः लावलेलं असलं तरी. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते आजच पाहा. माल हलवायला वाहतुकीचा पास वेगळा. हे सगळं डिसेंबरात सुरू केलंत तर मार्चला हातात येईल. निघालेल्या मालाचे वासे होतात, मांडवाला, गोठ्याला, कुंपणाला लागतात. भाव फार येणार नाही आणि त्यासाठी ही विरळणी नाहीच. 'जितकी झाडं तितके पैसे' म्हणणाऱ्यांना एकदा बल्लारशाच्या डेपोत लिलाव बघायला पाठवावं असं मला वाटतं. तिथं गोलाईप्रमाणे थप्प्या लागतात. बारक्या थप्पीपाशी एखाद-दुसरा माणूस असतो, जाड थप्पीभोवती उभं राहायला जागा मिळत नाही.

झाडं निवडायला एकट्यानं जाऊ नका, घरातलं कुणीतरी बरोबर घ्या. एकानं बुंध्याशी उभं राहायचं आणि दुसऱ्यानं वीस पावलं लांबून शेंडा पाहून 'हे' की 'ते' सांगायचं. खाली उभं राहून शेंडा कधीच नीट दिसत नाही. राखायच्या झाडांना खूण करा, तोडायच्यांना नको, म्हणजे कोयत्यावाल्याचा गोंधळ झाला तरी चांगलं झाड वाचेल. खूण ऑइलपेंटनं करा. चुना पहिल्या वळवात धुऊन जातो. आणि त्यातल्या वीस झाडांची गोलाई छातीच्या उंचीवर मोजून वहीत लिहून ठेवा. पुढच्या मार्चला त्याच वीस झाडांची पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा.